बाईंचे वीस पत्ते

कुणी आकडा घेऊन आलं की बाई आकड्याकडे बघायच्याच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायच्या, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कुठून आलं हे?"

आकडाच कशाला, पेढे आले तरी तेच. कुणाच्या मुलाचा निकाल लागला, पुडा टेबलावर आला, सगळ्यांचे हात पुड्यात आणि बाईंचा हात हवेत. "कुठून आले?" अमक्याच्या घरून, तमक्या कारणासाठी, असं नीट सांगितलं की मग एक उचलायच्या, अर्धा खायच्या आणि अर्धा रुमालात बांधायच्या. तो अर्धा शनिवारच्या एसटीने ईट गावाला जायचा, बहिणीच्या मुलीसाठी. "आले असतील कुठूनतरी, खावा की," असं कुणी म्हणालं की पेढा पुड्यात परत.

आम्ही हसायचो. मीही हसायचो. आता त्या हसण्याचाही मला राग येतो. हे सगळंच मी रागात लिहितो आहे, ते आधीच सांगून टाकतो. जुन्या सहकाऱ्याबद्दल जिव्हाळ्याने लिहायची पद्धत आहे, आणि जिव्हाळा आहेच. पण वाचताना कुठे आवाज चढलेला वाटला तर तो चढलेलाच आहे, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

बाई म्हणजे आमच्या ऑफिसातल्या टेस्टिंगच्या बाई. धाराशिवमध्ये, स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका कापडाच्या दुकानाच्या वर आमची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी. बाई सोडून आम्ही सात जण आणि मालक, ज्यांना सगळे सर म्हणायचे. आम्ही साइट बांधायची आणि बाईंनी ती मोडून बघायची, अशी कामाची वाटणी होती. त्यांना 'मॅडम' कुणी म्हटलंच नाही, कारण आमच्यातल्या चौघांना त्यांनीच शिकवलेलं होतं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. माउस कसा धरायचा इथपासून मी त्यांच्याकडे शिकलो. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, क्लासला कुणी येईना, आणि पंचेचाळिशीला आलेल्या बाई आपल्याच विद्यार्थ्यांच्या ऑफिसात नोकरीला लागल्या. पहिल्या दिवशी त्या दारातून आत आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो.

"बस खाली," म्हणाल्या. "आता तू माझा सीनियर हायस."

माहेर भूम तालुक्यातल्या ईटचं. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बहीण ईटमध्येच दिलेली, आणि तिची मुलगी प्रज्ञा म्हणजे बाईंच्या काळजाचा तुकडा. प्रज्ञाला गणितात किती पडले, प्रज्ञा सायकलवरून कशी पडली, प्रज्ञा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कशी तासभर नुसती बघत बसली, हे सगळं आम्हाला पाठ होतं. मुलगी आम्ही कधी पाहिली नव्हती.

त्यांचं काम कळावं म्हणून थोडं सांगतो, कंटाळू नका. साइट सुरू होण्याआधी तिच्यावर खोटी गर्दी सोडून बघतात. हजार माणसं एकदम आली तर ती उभी राहते की आडवी पडते ते आधीच कळावं म्हणून. याला लोड टेस्टिंग म्हणतात. गर्दी खोटी म्हणजे एकच प्रोग्रॅम हजार माणसांचं सोंग घेतो. पण साइटला माणूस दिसत नाही. तिला फक्त आयपी पत्ता दिसतो, म्हणजे ज्या कनेक्शनवरून कुणी आलं त्याचा नंबर. आणि साइटच्या दारात एक राखणदार बसवलेला असतो. एकाच नंबरवरून मिनिटाभरात फार जण यायला लागले की तो समजतो, कुणीतरी चोर आला, आणि त्या नंबरला दार लावून घेतो.

म्हणून ऑफिसातल्या एका कनेक्शनवरून हजार माणसांचं सोंग आणलं तर राखणदाराला ते सगळे मिळून एक चोर वाटतात, आणि टेस्ट तिथेच आटोपते. मग वेगवेगळे पत्ते भाड्याने घ्यायचे आणि गर्दी त्यांच्यात वाटायची. बाईंचा हट्ट असा की ते पत्ते फक्त आपल्यासाठी राखलेले पाहिजेत, डेडिकेटेड. हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की डब्यातल्या लोणच्यालाही त्यांचा डेडिकेटेड चमचा असायचा.

एकदा मी शहाणपणा केला. इंटरनेटवर फुकट मिळणारे, शंभर जण वापरतात तसले पत्ते घेऊन टेस्ट लावली. निम्मी गर्दी दारातच अडली. मी दोन दिवस साइटमधली चूक शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"काय हुडकायलास?"

"चूक."

"हे पत्ते कुठून आले?"

मी सांगितलं.

"मग चूक हितं न्हाई," त्या म्हणाल्या. "लोकांनी वापरलेले पत्ते हायेत ते. आधी कोणतरी त्याच्यावरून उचापती करून गेलाय, त्याच्या नावानं दार लावलंय, अन् तू दोन दिस आपली साइट उचकटायलास. आपला पत्ता म्हंजे आपलाच पाहिजे. अन् टेस्टच्या आधी त्याची यादी साइटवाल्यांना द्यायची. पाहुणे येणार असले की घरी कळवतो का न्हाई?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. दोन दिवस वाया गेले म्हणून नाही, त्या बरोबर होत्या म्हणून.

एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाई ती पायी जाऊन तपासायच्या. एका शनिवारी ईटला गेल्या असताना तिथल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात डोकावल्या. दहा कॉम्प्युटर, ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेली पोरं, आणि सगळ्यांना मिळून एकच कनेक्शन. म्हणजे शहरात घरोघरी वेगळा पत्ता आणि इथे आख्ख्या गावाचा पत्ता एक. तेव्हापासून त्यांना खूळच लागलं. सोनारीला काळभैरवाच्या यात्रेत गेल्या. दर्शनाला नव्हे. त्यांच्या घरी बुद्धवंदना. भैरवाशी त्यांचं वाकडं नव्हतं आणि देणंघेणंही नव्हतं. त्या गेल्या गर्दीसाठी. दिसेल त्याला थांबवायचं आणि म्हणायचं, "भाऊ, मोबाइलवर एवढं एक पान उघडून दावा." त्या पानावर त्या मोबाइलचा बाहेर दिसणारा पत्ता यायचा, तो वहीत उतरवून घ्यायच्या.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "ओटीपी मागायलीस काय गं?" आणि आरडाओरडा केला. स्वयंसेवकांनी बाईंना पोलिसांच्या मांडवात नेलं.

हवालदार म्हणाला, "काय करायलाव बाई तुमी?"

"लोक मोजायलेय."

"आमी बी सकाळपासनं तेच करायलोय. बसा." आणि त्याने स्वतःचा मोबाइल काढून दिला.

सोमवारी ती वही माझ्यापुढे आली. "बघ. माणसं चाळीस, पत्ते चार. एका कंपनीचे सगळे मोबाइल एकाच पत्त्यावरून भाईर पडत्यात. आपला राखणदार यांना काय समजंल?"

"चार चोर," मी म्हणालो, आणि हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्याच वर्षी एका संस्थेचं काम आलं. धाराशिवमध्ये त्यांचं मुलींचं वसतिगृह. बाहेरगावच्या, अकरावीला येणाऱ्या मुलींसाठी ऐंशी जागा. एका सोमवारी सकाळी दहाला साइटवर फॉर्म उघडणार, आणि जी आधी भरेल तिला जागा. ज्या मुलीला वसतिगृह मिळालं ती शहरात राहून विज्ञान घेणार. जिला नाही मिळालं ती गावाजवळ जे कॉलेज असेल ते घेणार. इतका साधा मामला होता. प्रज्ञा दहावीला ईटच्या शाळेत पहिली आली होती. नर्सिंगला जायचं, त्यासाठी विज्ञान घ्यायचं, हे तिने तिसरीपासून ठरवलेलं.

बाईंनी हे पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं. "माझी भाची यात फॉर्म भरणार हाय. नंतर कुणी म्हणू नये, लपवलं म्हणून." सर म्हणाले, त्यात काय एवढं.

मग त्यांनी टेस्ट आखली. वीस डेडिकेटेड पत्ते घ्यायचे आणि प्रत्येक पत्ता म्हणजे एक गाव. पहिला ईट, दुसरा सोनारी, असं करत खाली विसापर्यंत गावांची नावं. त्या त्या पत्त्यावरून एका मिनिटात तीस-चाळीस मुली येणार, खऱ्या सोमवारी येतील तशा. राखणदार कुणाला अडवतो ते आधीच बघायचं आणि त्याप्रमाणे त्याची मर्यादा वाढवायची. मीटिंगमध्ये त्यांनी हे सांगितलं तेव्हा सर घड्याळ बघत होते. बाई चहा आणायला सांगायला बाहेर गेल्या, तेवढ्यात सर आम्हाला म्हणाले, "यांना सगळीकडं अन्यायच दिसतोय."

'यांना' म्हणजे कुणाला, ते आम्हा सातही जणांना कळलं. तुम्हालाही कळलं असेल. एकानेही मान वर केली नाही. बाई आत आल्या, चहा आला, आम्ही प्यायलो.

पत्ते भाड्याने देणाऱ्या कंपनीने कागदपत्रं मागितली आणि पत्ते शुक्रवारी मिळतील म्हणून सरांना कळवलं. इकडे संस्थेच्या अध्यक्षांनी निरोप धाडला की गुरुवारी दुपारी येतोय, टेस्ट झालेली दाखवा. सरांनी गुरुवारी सकाळी बाईंना परंड्याला दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे पाठवून दिलं. मला केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्या ऑफिसवरूनच लाव टेस्ट."

"सर, राखणदार अडवतोय."

"मग त्याला सांग, या नंबरला अडवू नको म्हणून."

हे किती सोपं होतं. सेटिंगमध्ये 'यांना सोडा' अशी एक यादी असते. त्यात मी आमच्या ऑफिसचा नंबर घातला. मग त्याच नंबरवरून हजारो खोट्या मुली सोडल्या. राखणदार आमच्याकडे बघून डोळे मिटून बसला आणि आलेख वरपासून खालपर्यंत हिरवा. अध्यक्षांनी आलेखासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. अहवालाचा नमुना बाईंनी आधीच तयार करून ठेवला होता, त्यात ओळ होती : 'चाचणी वीस स्वतंत्र पत्त्यांवरून घेण्यात आली.' मी ती खोडायला गेलो.

"राहू दे," सर म्हणाले. "फॉरमॅट हाय तो."

मी खाली सही केली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाईंचा फोन आला. परंड्याच्या स्टँडवरून बोलत होत्या, मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

"टेस्ट झाली म्हणं."

"झाली."

"कुठून केलीस?"

मी समोरचा हिरवा आलेख बघत होतो.

"पत्ते आज मिळाले का? हे बघ, झाली नसंल तर तसं सांग. प्रज्ञा म्हणायली, मावशी, मी रविवारी तुझ्याकडं येते अन् तुझ्याच घरच्या कनेक्शनवरून फॉर्म भरते. म्या नको म्हणलंय. तिला इकडं आणायचं अन् बाकीच्या पोरींनी काय करायचं? पण टेस्ट झाली नसंल तर मग बाबा मी तिला आणते. माझ्यानं तेवढं मोठं मन होणार न्हाई."

"वीस पत्त्यांवरून केली, बाई. सगळं हिरवं आलं."

कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की तेव्हा सर समोर उभे होते. नव्हते. सर अध्यक्षांना सोडायला खाली गेले होते. खोलीत मी एकटा होतो. खरं सांगितलं असतं तर बाईंनी शुक्रवारी पत्ते हातात घेतले असते आणि शनिवार-रविवार मला बसवून टेस्ट करून घेतली असती. आणि शनिवारी मला नवी मोटरसायकल आणायला सोलापूरला जायचं होतं. एवढंच. मी किती वेळा या जागी दुसरं, मोठं कारण शोधलं आहे. सापडत नाही.

"तू केलीस ना," बाई म्हणाल्या. "मग झालं."

पेढ्यांनासुद्धा कुठून आलात म्हणून विचारणाऱ्या बाई. लॉग, म्हणजे टेस्टची नोंद, दाखव म्हणाल्या नाहीत.

सोमवारी दहा वाजता आम्ही सगळे स्क्रीनसमोर होतो. सर संस्थेच्या हॉलमध्ये, तिथे हारतुरे चालले होते. पहिल्या पाच मिनिटांत वीसेक फॉर्म आले. बाई ते कुठून आलेत ते वाचत होत्या. "शहरातले. हेबी शहरातले. हे तुळजापूर. हे परत शहरातले." मुली बाहेरगावच्याच, पण शहरातल्या नातेवाइकांच्या घरून फॉर्म भरत होत्या. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या मोबाइलवर फोटो आला. ईटच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरचा, प्रज्ञाने काढलेला. स्क्रीनवर लाल चौकटीत लिहिलं होतं : 'आपल्या पत्त्यावरून संशयास्पद हालचाल आढळली आहे.'

ते वाक्य कुणी लिहिलं होतं विचाराल तर तेही मीच. कुठल्याशा इंग्रजी मजकुरावरून उचललेलं.

बाईंनी माझ्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडलं. 'यांना सोडा' यादीत एकच ओळ होती, आमच्या ऑफिसचा नंबर. आलेल्यांच्या नोंदीत त्या वीस पत्त्यांचा कुठे मागमूस नव्हता. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"हितूनच केलीस?"

"हो."

मला आजही वाटतं, त्यांनी एक मुस्काटात ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, राखणदार गावंच्या गावं अडवायलाय. मर्यादा वाढवते."

"चालू साइटला हात लावायचा नाही," फोनमधून सरांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "सगळं मस्त चाललंय. चाळीसच्या वर फॉर्म आलेत."

"कुठून आलेत?"

सरांनी फोन ठेवला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मर्यादा वाढवली. दोन मिनिटांचं काम. लगेच सोनारीकडून तीन फॉर्म आले, मग भूमहून दोन, मग कुठूनकुठून. त्या एकेक नाव वाचत होत्या. अकराच्या आत ऐंशी जागा भरल्या. ईटचं एकही नाव नव्हतं.

त्यांनी केंद्रवाल्याला फोन केला. त्याने सगळे कॉम्प्युटर बंद करून शटर ओढलं होतं. म्हणाला, "म्याडम, संशयास्पद लिवून आलं. म्या म्हणलं आता पोलीस येत्यात. पोरीस्नी घरी धाडलं." त्याला तरी काय बोलणार? सरकारी वाटणाऱ्या पानावर आपल्या गावाबद्दल असं लिहून आलं की माणूस शटरच ओढतो.

आठ दिवसांनी संस्थेत बैठक झाली. गावोगावचे पालक चिडले होते. सरांनी अहवाल टेबलावर ठेवला, माझी सही बोटाने दाखवली. "टेस्ट रीतसर झालेली आहे, वीस पत्त्यांवरून. गडबड झाली ती चालू साइटमध्ये एका कर्मचाऱ्यानं परवानगी न घेता हात घातला म्हणून. त्यांची भाचीही उमेदवार होती, हे मला सांगायला वाईट वाटतं."

असं माणूस बोलू शकतो, तोंड वर करून, आणि नंतर जेवूही शकतो. मी समोर बसून ते पाहिलं आहे. जेवणात मीही होतो.

अध्यक्षांनी विचारलं, "सेटिंग तुम्ही बदललं?"

"व्हय. म्या बदललं," बाई म्हणाल्या. एवढंच.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचाही राग आहे, आणि तो जात नाही. एक वाक्य बोलल्या असत्या. याला विचारा, एवढे दोनच शब्द. मी फुटलो असतो, नक्की फुटलो असतो. पण स्वतःहून तोंड उघडायची हिंमत नव्हती, आणि त्यांनी मला ढकललं नाही. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसलो. नंतर आपल्या भित्रेपणाचं खापर दुसऱ्याच्या गप्प राहण्यावर फोडायचं, हे मला चांगलं जमतं.

त्याच संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. डबा, चमचा आणि वही पिशवीत टाकून त्या निघाल्या. माझ्या टेबलापाशी थांबल्या. मला वाटलं, आता.

"पुढच्या साली त्यांचा फॉर्म परत निघंल," म्हणाल्या. "मर्यादा वाढवून ठेव. अन् ती लाल चौकटीतली ओळ बदल. पोरी भित्यात."

दोन महिन्यांत त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते दोघे नाशिककडे गेले. नंबर माझ्याकडे होता. मी लावला नाही.

आता आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं की आमच्याकडे प्रत्येक टेस्ट डेडिकेटेड पत्त्यांवरून होते आणि ग्रामीण गर्दीचा वेगळा विचार केला जातो. सर ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात. टेस्टिंगचा प्रमुख मी. बाईंचीच पद्धत आहे, गावांच्या नावांसकट. गिऱ्हाइकं खूश असतात आणि मला बढती मिळालेली आहे.

त्या पद्धतीप्रमाणे गेल्या महिन्यात मी ईटला गेलो. नव्या एका साइटसाठी तिथल्या केंद्राचा पत्ता तपासायचा होता. खुर्चीवर विशीतली एक मुलगी, फॉर्म भरून देत होती. माझ्या बॅगेवरचं कंपनीचं नाव वाचून म्हणाली, "माझी मावशी होती तुमच्यात कामाला."

मी स्टूलवर बसलो. विचारलं, बाई कशा आहेत.

"ठाव न्हाई. आमचं बोलणं न्हाई. चार वर्षं झाली."

"का?"

प्रिंटरमधून कागद येत होता, तो सरळ करत ती सांगू लागली. तिच्या आवाजात राग असा नव्हता, आवाज सांगून सांगून गुळगुळीत झालेला होता. "मी धाराशिवला येऊन फॉर्म भरते म्हणलं, तर मावशी नको म्हणली. म्या बघितलंय, हितूनच भर म्हणली. सायन्स गेलं, नर्सिंग गेलं. नंतर आईच्या पुढं बसून म्हणली, चूक माझीच हाय, म्या नीट तपासलं न्हाई. आई म्हणली, साऱ्या दुनियेचं तपासतीस अन् घरच्या पोरीचं तपासायला तुला काय झालं होतं. तवापासनं न्हाई आली ती."

चार वर्षं. बाईंनी घरी माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या उंबऱ्यात माझं खोटं स्वतःच्या नावावर लावून घेतलं आणि तिथून उठून गेल्या.

"मावशीनं तपासलं होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. टेस्ट झाली नसेल तर सांग, मी पोरीला इकडं आणते म्हणाल्या. टेस्ट मी करायची होती. मी केली नव्हती. झाली म्हणून सांगितलं."

तिच्या हातातला कागद तसाच राहिला. बाकावर फॉर्मसाठी बसलेल्या दोन बाया आमच्याकडे बघू लागल्या. मग तिने ड्रॉवरमधून मोबाइल काढला, नावांमध्ये खाली खाली जात एक नंबर शोधला, लावला, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बोला."

"आधी तू बोल," मी म्हणालो.

"म्या काय बोलू? तुमी बोला."

मी मोबाइल कानाला लावला. पलीकडे दोनदा रिंग झाली, तिसरी पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला, धावत आल्यासारखा. मग बाईंचा आवाज.

"प्रज्ञा? प्रज्ञाच ना गं? बोल माय, ऐकायलेय मी."

समोर प्रज्ञा उभी होती, दोन्ही हात टेबलावर टेकून. फोन माझ्या कानाला होता.